होकार, नकार आणि मौन

'व्यवहार' हा आपल्या भाषेतला मोठ्या पोटाचा शब्द आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत; तेथे व्यवहार म्हणजे न्यायसभेपुढे आलेला वाद, त्याचा पुरावा आणि त्याचा निर्णय. बोलीत हा शब्द वागणुकीपर्यंत पसरला, बाजारात देण्याघेण्यापुरता आटला आणि अलीकडे पासबुकावर व मोबाइलच्या पडद्यावर 'ट्रान्झॅक्शन'चा प्रतिशब्द म्हणून स्थिरावला. ज्याने कोणी हा प्रतिशब्द प्रथम योजला, त्याने फार विचार केला असेल असे वाटत नाही. तरीही निवड अचूक ठरली. कारण संगणकशास्त्रात ही संकल्पना ज्यांनी रुजवली त्या जिम ग्रे यांनी १९८१ साली ती मांडताना तिचे मूळ कराराच्या कायद्यात असल्याचे सांगितले होते. कायदा, वचन आणि देणेघेणे हे तिन्ही अर्थ आपल्या शब्दात आधीपासूनच नांदत होते.

एकाहून अधिक यंत्रांवर विखुरलेल्या डेटाबेसमधील व्यवहारांचा इतिहास हा वरवर पाहता अभियंत्यांचा विषय. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, या इतिहासाच्या मध्यभागी असलेला प्रश्न भाषेचा आहे: एखाद्याने शब्द दिला आणि नंतर तो गप्प झाला, तर त्या मौनाचा अर्थ काय लावायचा? दुसरे कारण असे की, हा इतिहास ज्यांनी घडवला त्यांनी तो गोष्टींतून सांगितला. दोन सेनापतींची गोष्ट, लग्नाची गोष्ट, लुप्त झालेल्या बेटाची गोष्ट. या गोष्टी केवळ सजावटीच्या आहेत असा समज सहज होतो. प्रस्तुत लेखात मला असे दाखवायचे आहे की विचाराचे पुष्कळसे ओझे या गोष्टींनीच वाहिले. आणि जेथे गोष्ट तोकडी पडली तेथे विचारालाही नवी वाट शोधावी लागली.

१

प्रथम एकाच यंत्राचा विचार करू. एका खात्यातून हजार रुपये काढून दुसऱ्यात टाकायचे आहेत. कृती दोन आहेत, पण अर्थ एक. पहिली कृती झाली आणि दुसरीच्या आधी वीज गेली, तर हजार रुपये कोठेच नाहीत. म्हणून दोन्ही कृतींना मिळून एकच नशीब असले पाहिजे: दोन्ही घडाव्यात किंवा एकही घडू नये.

यावरचा उपाय आपल्या जुन्या दुकानदारांना परका वाटला नसता. पेढीवर आधी रोजकीर्द लिहिली जाते आणि मग खतावणी होते. डेटाबेसही तेच करतो. मूळ नोंदीला हात लावण्यापूर्वी 'मी अमुक बदल करणार आहे, आधीची किंमत ही, नंतरची ही' असे तो एका कायमस्वरूपी वहीत टिपून ठेवतो. यंत्र कोसळून पुन्हा उठले की ही वही वाचून अर्धवट राहिलेले काम पुसता येते आणि पक्के झालेले पुन्हा करता येते. याखेरीज दोन व्यवहार एकाच वेळी एकाच खात्याशी झोंबू नयेत यासाठी कुलपे लागतात. ती कोणत्या शिस्तीने लावावीत व सोडावीत याचा पायाभूत निबंध ग्रे आणि त्यांचे आय.बी.एम.च्या सॅन होजे प्रयोगशाळेतील सहकारी एस्वरन, लोरी आणि ट्रेगर यांनी १९७६ साली लिहिला. पुढे १९८३ मध्ये थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या जर्मन अभ्यासकांनी व्यवहाराच्या चार गुणांना 'अ‍ॅसिड' हे आद्याक्षरी नाव दिले. अखंडता, सुसंगती, एकमेकांपासून अलगपणा आणि टिकाऊपणा, असे ते चार गुण.

ग्रे आणि रॉयटर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी या विषयावर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी थेट सुमेरियन लोकांपर्यंत मजल मारली आहे. लेखनाचा शोधच मुळी व्यवहार नोंदवण्यासाठी लागला, असे त्यांचे म्हणणे. उरुक येथे सापडलेल्या सर्वांत जुन्या मातीच्या पाट्यांवर बहुतांशी धान्य, जनावरे आणि मजुरी यांचे हिशेब आहेत, हे पाहता त्यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. आपण साहित्याची मंडळी लिपीचा अभिमान बाळगतो. तिचे कूळ मात्र कारकुनाच्या वहीत आहे.

२

खरी अडचण वही एक नसून दोन असतात तेव्हा सुरू होते. पहिले खाते एका शहरातल्या यंत्रावर, दुसरे दुसऱ्या शहरातल्या. मध्ये तार, आणि तारेवर भरवसा नाही. निरोप उशिरा पोचेल, हरवेल, किंवा पोचूनही त्याची पोच हरवेल.

हा पेच १९७५ साली अक्कोयुन्लू, एकनाधम आणि ह्यूबर यांच्या निबंधात प्रथम छापला गेला. तेथे पात्रे गुंडांच्या दोन टोळ्या होत्या. ग्रे यांनी १९७८ मध्ये डेटाबेसवरील आपल्या प्रदीर्घ टिपणांत त्यांचे सेनापती केले आणि गोष्ट अजरामर झाली. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाची दोन सैन्ये आहेत, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकदम हल्ला केला तर जय, एकट्याने केला तर नाश. निरोप्या दरीतूनच जाणार, आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिला सेनापती 'पहाटे हल्ला' असा निरोप धाडतो. तो पोचला की नाही हे त्याला कळणार कसे? दुसरा पोच पाठवतो. पण ती पोचली की नाही हे आता दुसऱ्याला कळत नाही. मग पोचेची पोच, आणि तिचीही पोच.

यातून सुटका नाही हे सिद्ध करण्याची युक्ती फार देखणी आहे. समजा निरोपांची एखादी सांत मालिका पुरेशी आहे. त्यांतली सर्वांत लहान घ्या. तिच्यातला शेवटचा निरोप हरवू शकतो आणि तो हरवला तरी योजना यशस्वी व्हायलाच हवी; म्हणजे तो निरोप अनावश्यक होता. मग त्याच्याशिवायची मालिकाही पुरेशी ठरते, आणि 'सर्वांत लहान' हे गृहीतक कोसळते. जेथे मौन शक्य आहे तेथे मोजक्या निरोपांत परस्परांची खात्री पटणे अशक्य आहे, एवढाच याचा निष्कर्ष.

३

तरीही जगाचे काम चालले पाहिजे. ग्रे यांच्या त्याच १९७८ च्या टिपणांत 'टू-फेज कमिट' ही पद्धत सविस्तर वर्णिलेली आहे. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि हॉवर्ड स्टर्जिस हेही त्याच सुमारास त्याच दिशेने जात होते. तिचे सर्वांत सुबोध रूप मात्र ग्रे यांच्या १९८१ च्या निबंधात, ख्रिस्ती विवाहसोहळ्याच्या दृष्टान्तात सापडते. वधू आणि वर यांची बोलणी दिवसेंदिवस, कदाचित वर्षानुवर्षे चालतात. मग ते एका धर्मगुरूला मध्यस्थ नेमतात. तो प्रत्येकाला विचारतो आणि दोघांनी होकार दिला की विवाह झाल्याचे जाहीर करतो. आपल्याकडच्या वाचकाला अक्षता पडण्याचा क्षण आठवेल: त्याआधी सारे काही मोडता येते, त्यानंतर नाही.

यंत्रांत धर्मगुरूच्या जागी समन्वयक असतो. पहिल्या टप्प्यात तो सर्व सहभागींना 'तयार आहात का?' असे विचारतो. होकार देण्यापूर्वी प्रत्येक सहभागी आपल्या वहीत अशी नोंद करतो की पुढे निर्णय कोणताही लागला, मध्ये यंत्र बंद पडले, तरी तो पाळता येईल. एकाचाही नकार आला, किंवा ठरल्या वेळेत उत्तर आले नाही, तर समन्वयक व्यवहार रद्द करतो. सर्वांचे होकार आले तर तो आपल्या वहीत 'पक्का' असे लिहितो, आणि त्या नोंदीच्या क्षणी व्यवहार घडलेला असतो. दुसऱ्या टप्प्यात फक्त बातमी पोचवायची उरते. सेनापतींचा पेच येथे सुटलेला नाही, फक्त त्याची अट सैल केली आहे. दोघांनी एकाच पहाटे निघावे असा आग्रह आता नाही. सर्वजण कधी ना कधी एकाच निर्णयाला पोचावेत, तोवर वाट पाहावी, एवढेच मागितले आहे.

या वाट पाहण्यातच सारी मेख आहे. लग्नात तिघेही एका छपराखाली उभे असतात आणि प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाला ऐकू येतो. दृष्टान्ताचा तोकडेपणा येथे आहे. कल्पना करा की वधू आणि वर दोन वेगळ्या खोल्यांत आहेत. दोघांनी आपापला होकार गुरूच्या कानात सांगितला आणि घोषणा होण्याआधी गुरू बेशुद्ध पडला. आता वराला स्वतःचा होकार ठाऊक आहे, वधूचा नाही. तो घरी परत जाऊ शकत नाही, कारण लग्न कदाचित झाले असेल. संसारही मांडू शकत नाही, कारण कदाचित झाले नसेल. अभियंत्यांनी या अवस्थेला 'इन-डाउट' असे साधे, पण चपखल नाव दिले. होकार देण्यापूर्वी सहभागी स्वतंत्र होता. होकारानंतर त्याने माघारीचा हक्क गमावला आहे आणि निर्णय मात्र त्याच्या हाती आलेला नाही. या काळात त्याने लावलेली कुलपे तशीच राहतात, आणि त्याच खात्यांशी काम असलेले इतर व्यवहार दाराशी खोळंबतात.

वचन दिल्यानंतरची ही असहायता आपल्या कथा-महाकाव्यांना चांगली परिचित आहे. तेथे ती शोकात्म नायकाच्या वाट्याला येते. येथे ती दर सेकंदाला हजारो खात्यांच्या वाट्याला येऊ शकते.

४

१९८० च्या दशकातले पुष्कळसे संशोधन म्हणजे या मौनाचा अर्थ ठरवण्याचे प्रयत्न होत. आय.बी.एम.च्या 'आर-स्टार' या विखुरलेल्या डेटाबेसवर काम करताना सी. मोहन (मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी), ब्रूस लिंडसे आणि रॉन ओबरमार्क यांनी १९८६ च्या निबंधात एक काटकसरीचा नियम सांगितला. समन्वयकाकडे एखाद्या व्यवहाराची काहीच नोंद नसेल आणि कोणी चौकशी केली, तर 'रद्द' असे उत्तर द्यायचे. म्हणजे रद्द झालेल्या व्यवहारांच्या नोंदी समन्वयकाने जपण्याची गरज नाही. नोंद नाही याचाच अर्थ नकार. नियम साधा आहे, पण त्यामागची जाण सूक्ष्म आहे. होकारापूर्वीचे सहभागीचे मौन म्हणजे नकार. समन्वयकाच्या वहीतले मौन म्हणजेही नकार. पण बंद पडलेल्या समन्वयकाचे मौन म्हणजे काहीच नाही. तीन मौने आणि त्यांचे वेगवेगळे अर्थ. हे वर्गीकरण वाचताना व्याकरणाच्या पुस्तकाची आठवण व्हावी.

तिसऱ्या मौनावर मात करण्यासाठी डेल स्कीन यांनी १९८१ साली दोनाऐवजी तीन टप्प्यांची पद्धत मांडली. यंत्रे बंद पडली तरी तीत कोणी खोळंबत नाही. पण जाळेच दुभंगले आणि दोन्ही बाजू जिवंत राहिल्या, तर दोन बाजूंचे दोन निर्णय होण्याचा धोका उरतो. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी या आशेची सीमाच आखून दिली. निरोप पोचायला किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर एकमत नक्की होईलच अशी हमी देणारी कोणतीही ठरीव पद्धत असू शकत नाही. कारण बंद पडलेले यंत्र आणि मंद चालणारे यंत्र दुरून सारखीच दिसतात: दोघेही गप्प असतात.

५

आता या इतिहासातली सर्वांत साहित्यिक घटना. १९९० साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका प्रतिष्ठित शोधनियतकालिकाकडे एक लेख धाडला. विषय होता ग्रीसच्या पॅक्सॉस बेटावरील प्राचीन लोकसभेचे कामकाज. तेथील सभासदांना लोकसभेपेक्षा व्यापाराची ओढ अधिक. ते सभागृहात सतत ये-जा करत. निरोपेही बेभरवशाचे. तरीही प्रत्येक सभासदाजवळच्या वहीतले कायदे एकमेकांशी विसंगत होत नसत, कारण वहीतली शाई न पुसणारी होती आणि ठराव पक्का होण्यासाठी बहुमत लागे. दोन बहुमतांत निदान एक सभासद सामाईक असतोच. तो सामाईक सभासद म्हणजे संस्थेची स्मृती. अर्थात ही लोकसभा कधीच अस्तित्वात नव्हती. सभासदांची ग्रीक वळणाची नावे ही संगणकशास्त्रातील सहकाऱ्यांची होती आणि लेखाच्या पोटात एक काटेकोर पद्धत सिद्धतेसह मांडलेली होती.

परीक्षकांचे मत पडले की लेख थोडाफार रंजक आहे, फार महत्त्वाचा नाही, आणि पॅक्सॉसचा भाग तेवढा काढून टाकावा. लॅम्पोर्ट चिडले आणि त्यांनी लेख तसाच पडू दिला. व्याख्यानांत तर ते पुरातत्त्वज्ञाचा वेष करून, हॅट घालून हा विषय सांगत. श्रोत्यांना वेष आठवे, पद्धत आठवत नसे. अखेर १९९८ साली लेख छापून आला, तोही कीथ मार्झुलो यांच्या अशा टिपेसह की हे हस्तलिखित संपादकीय कचेरीतल्या कपाटामागे सापडले असून लेखक सध्या ग्रीक बेटांवर क्षेत्रकार्यात गुंतलेला आहे. 'सापडलेले हस्तलिखित' ही युक्ती 'डॉन किहोटे'च्या वाचकांना ओळखीची आहे. २००१ मध्ये लॅम्पोर्ट यांनी तीच पद्धत साध्या शब्दांत पुन्हा लिहिली आणि तिचा प्रसार झाला.

गोष्ट अयशस्वी झाली असे यावरून म्हणता येईल का? वाचक मिळवण्यात ती कमी पडली, हे खरे. पण तिने विचारात जो पालट केला तो लग्नाच्या दृष्टान्तातून होणारा नव्हता. लग्नात गुरू एकच, आणि तो बेशुद्ध पडला की सारे थांबते. लोकसभेत कोणी एक माणूस अपरिहार्य नसतो. अनुपस्थिती हीच तेथे नेहमीची स्थिती. मौनाचा अर्थ लावत बसण्याऐवजी लॅम्पोर्ट म्हणतात की पुरेसे लोक बोलत असतील तर गप्प असलेल्यांविना पुढे जा. ते परत येतील तेव्हा वही वाचतील. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांची सीमा यातही ओलांडली जात नाही. सभेचे काम कधी रखडेल, पण दोन वह्यांत दोन कायदे कधीच लिहिले जाणार नाहीत.

या दोन गोष्टींचा मिलाफ २००६ साली झाला. ग्रे आणि लॅम्पोर्ट यांनी मिळून लिहिलेल्या निबंधात धर्मगुरूच्या जागी लोकसभा बसवली आणि असे दाखवले की जुने टू-फेज कमिट हे या व्यापक पद्धतीचेच एक रूप आहे. एकही बिघाड सोसायचा नाही असे ठरवले की जे उरते ते.

६

येथवरची परंपरा अखंडतेची. तिला समांतर दुसरी परंपराही होती. तिच्यासाठी थोडे मागे, १९८७ सालापर्यंत जावे लागेल. काही व्यवहार मुळातच लांबलचक असतात: प्रवासाची तिकिटे, मुक्काम, गाडी. तितका वेळ कुलपे लावून बसणे परवडत नाही, हे ग्रे यांनीही १९८१ मध्ये मर्यादा म्हणून नोंदवले होते. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी अशा व्यवहाराचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पक्का करण्याचे सुचवले आणि या मालिकेला 'सागा' हे नाव दिले. मध्येच काही फसले तर आधीचे तुकडे पुसले जात नाहीत. प्रत्येकाची भरपाई करणारी उलट कृती केली जाते. जे घडले ते घडले, जगाने ते पाहिले. आता परिमार्जन करायचे. याज्ञवल्क्याच्या भाषेत बोलायचे तर व्यवहाराध्यायातून आपण प्रायश्चित्ताध्यायात येतो.

महाजालाच्या विस्तारानंतर या परंपरेला जोर चढला. २००० साली एरिक ब्रूअर यांनी अटकळ मांडली आणि २००२ मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी ती सिद्ध केली: जाळे दुभंगले असता सर्वत्र एकच उत्तर आणि प्रत्येकाला उत्तर, ही दोन्ही वचने एकाच वेळी पाळता येत नाहीत. २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी 'डायनॅमो'चे वर्णन प्रसिद्ध केले. गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेली वस्तू कधीही नाकारायची नाही. मग टोपलीच्या दोन प्रती निर्माण झाल्या तर त्या नंतर जुळवायच्या, आणि त्यात काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा उगवली तरी चालेल, असा तो निर्णय होता. त्याच वर्षी पॅट हेलंड यांनी विखुरलेल्या व्यवहारांपलीकडच्या जीवनाविषयी निबंध लिहिला आणि उपशीर्षकात स्वतःला धर्मत्यागी म्हणवून घेतले. ते ग्रे यांच्याप्रमाणेच टँडेम कंपनीत व्यवहारप्रणालीवर काम केलेले गृहस्थ, तेव्हा या शब्दातली कळ केवळ विनोदाची नव्हती.

प्रायश्चित्ताचा हा मार्ग आपल्या रोजच्या जगण्यात आला आहे. मोबाइलवरून पैसे पाठवले, आपल्या खात्यातून गेले, समोरच्याला पोचले नाहीत, असा अनुभव बहुतेकांच्या गाठी असेल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार अशी रक्कम फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जमा व्हावी, आणि त्यापुढच्या विलंबाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी. हा नियम मला या साऱ्या इतिहासाचे प्रामाणिक भाष्य वाटतो. अखंडता तत्काळ देता येत नाही, हे त्यात मान्य केले आहे. मात्र मौनाला मुदत घातली आहे, आणि मुदतीनंतरच्या मौनाची किंमत ठरवली आहे.

परंतु प्रत्येक कार्यक्रम लिहिणाऱ्याने आपापले प्रायश्चित्त स्वतः रचावे, हे ओझेही लहान नव्हते. गूगलच्या 'स्पॅनर'ने २०१२ साली पुन्हा अखंड व्यवहारांकडे वळण घेतले. त्यात प्रत्येक सहभागी म्हणजे यंत्रांचा एक गट, आणि तो पॅक्सॉसच्या पद्धतीने निर्णय घेतो. गटागटांत मात्र जुनेच टू-फेज कमिट. नवलाई आहे ती घड्याळात. उपग्रह आणि आण्विक घड्याळे यांच्या आधारे चालणारे हे घड्याळ एक वेळ सांगत नाही. 'आत्ताचा क्षण या दोन वेळांच्या मध्ये कोठेतरी आहे' असे सांगते. ही अनिश्चितता काही मिलिसेकंदांची असते, आणि ती सरेपर्यंत व्यवहार जाहीर न करता थांबायचे, असा नियम आहे.

७

या इतिहासाला एक उत्तररंग आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

२८ जानेवारी २००७ रोजी, हेलंड यांचा निबंध परिषदेत सादर झाल्यानंतर काही आठवड्यांतच, जिम ग्रे आपली 'टिनेशियस' ही शिडाची नौका घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच फॅरॅलॉन बेटांकडे निघाले. आईच्या अस्थी समुद्रात सोडायच्या होत्या. हवा स्वच्छ होती. ते परतले नाहीत. संकटाचा संदेश आला नाही, नौकेचा तुकडाही मिळाला नाही. तटरक्षक दलाने काही दिवसांनी शोध थांबवला. मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रे मिळवली आणि हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकावर त्यांचे लहान लहान तुकडे डोळ्यांखालून घातले. काही हाती लागले नाही. मे २००८ मध्ये बर्कले येथे त्यांच्यासाठी सभा झाली. तिचे नाव 'ट्रिब्यूट' असे होते, 'मेमोरियल' असे नव्हते. कायद्याने त्यांना मृत मानले ते २०१२ साली.

होकारानंतरच्या मौनाचा अर्थ काय, हा प्रश्न ज्या माणसाने यंत्रांसाठी आयुष्यभर सोडवला, त्याच्या घरच्यांना त्याच प्रश्नासमोर पाच वर्षे उभे राहावे लागले. हा योगायोग आहे. त्यातून नियतीचे काव्य काढण्याचा मोह मी आवरतो. पण एक गोष्ट लक्षात येते. न्यायालयाने शेवटी जे केले ते मोहन आणि लिंडसे यांच्या नियमासारखेच होते: नोंद नाही, मुदत संपली, आता नकार गृहीत धरावा. जगाचे व्यवहार, वारसा, दस्तऐवज, यांची कुलपे त्याशिवाय उघडत नाहीत. यंत्राला तेवढे पुरते. रद्द झालेल्या व्यवहाराची नोंद ते जपत नाही, जपण्याची गरज नाही, हेच त्या नियमाचे सौंदर्य होते. माणसे मात्र ती नोंद ठेवतात.